होडी आमची, दर्या कोणाचा?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी शुल्क-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तो काढायला मी एका कचेरीत गेलो. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी सरळपणे लिहिले होते : 'मासेमारी (स्वतःची होडी)'. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अहो, तुमचे वडील नौकामालक! तुम्हाला कसली सवलत?" मागे उभे असलेले चार जण हसले. मीही हसलो. पण घरी परतताना एस.टी.त तो शब्द डोक्यात घोळत राहिला. मालक!

त्याच महिन्यात वर्गात सरांनी उत्पादनाची साधने शिकवली. ज्याच्या मालकीचे साधन तो भांडवलदार, जो नुसते श्रम विकतो तो श्रमिक. मी वहीत लिहून घेतले खरे. पण माझे बाबा या दोनांपैकी कुठल्या रकान्यात बसवावेत ते मला अजून उमगलेले नाही. होडी त्यांची, इंजिन त्यांचे, जाळी त्यांची. आणि पहाटे साडेतीनला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ती होडी लाटांच्या पलीकडे लोटणारा खांदाही त्यांचाच. असा भांडवलदार पुस्तकात सापडत नाही. म्हणून मित्रहो, या लेखात मी त्या 'मालकी'चा हिशेब मांडणार आहे. काही मते कडू वाटतील. खाऱ्या पाण्याकाठच्या माणसाचे बोलणे थोडे खारट असायचेच.

आमचे गाव मालवण तालुक्यात, अगदी वाळूवर. धक्का नाही, बंदर नाही. होडी समुद्रात लोटायची ती वाळूवरून आणि परत आणायची तीही वाळूवरच. ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. पण छोट्या होडीचे निम्मे दुखणे इथेच आहे. पूर्वी होडी ओढायची झाली की नुसती हाक घातली तरी दहा-बारा माणसे धावून येत. आता वाडीतली तरणी पोरे मुंबईला, गोव्याला, नाहीतर माझ्यासारखी कॉलेजात. मोठ्या यांत्रिक नौकांवर दूरदूरचे, अगदी नेपाळचेही, खलाशी ठेवतात. छोट्या होडीला ते परवडणारे नाही. मग साठीला टेकलेली चार माणसे होडी ओढतात आणि पाचवा माणूस म्हणून माझी आई खांदा लावते.

लाकडी होडी आता आमच्या किनाऱ्यावर कमी दिसते. बाबांनीही ती मोडून फायबरची घेतली. फायबरला लाकडासारखे दरवर्षी तेलपाणी करावे लागत नाही, फटी बुजवाव्या लागत नाहीत. पण वाळूवर घासून तिचा तळ झिजतो, एखाद्या खडकावर आदळली की तडा जातो, आणि तिची दुरुस्ती गावच्या सुताराच्या हातची राहिलेली नाही. बाहेर बसवायच्या इंजिनाचे तर विचारूच नका. खारे पाणी आणि वाळू हे दोन वैरी त्याच्या पाचवीला पूजलेले. रोज घरी आणून गोड्या पाण्याने धुवायचे, प्लग काढून पुसायचा, तरी भर समुद्रात ते कधी मान टाकील याचा नेम नाही. तशा वेळी वल्ही असतात. पण वाऱ्याने तोंड फिरवले, तर दोन वल्ह्यांवर तीन मैल परत येणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आता एका दिवसाचा हिशेब सांगतो. गेल्या डिसेंबरमधला, ना फार चांगला ना फार वाईट असा दिवस. दहा लिटर पेट्रोल, त्यात मिसळायचे तेल, बर्फ, चहापाणी मिळून खर्च १,२०० रुपये. बांगडे आणि थोडे पेडवे मिळाले, त्यांचे आले २,८०० रुपये. उरले १,६००. आमच्या होडीवर पाच वाटे पडतात : तीन माणसांचे तीन, होडीचा एक, जाळ्याचा एक. म्हणजे वाट्याला ३२० रुपये. बाबांचा स्वतःचा, होडीचा आणि जाळ्याचा असे तीन वाटे घरात आले, एकूण ९६०. झाले 'मालक'! पण त्यातले होडीचे आणि जाळ्याचे ६४० रुपये खरे म्हणजे आमचे नव्हेतच. ते इंजिनाच्या हप्त्याचे, फाटलेल्या कांडाळीचे, पुढच्या वर्षीच्या दोरांचे. आणि असे दिवस महिन्यातून किती? वारा उलटा लागला की दोन दिवस गेले, समुद्र खवळला की चार गेले. कधी केंड माशांची झुंड जाळ्यात शिरते आणि नवी कोरी कांडाळ एका रात्रीत कुरतडून चाळणी करते. त्या दिवशी वाटे पडत नाहीत. फक्त खर्च पडतो.

हप्त्यावरून आठवले. बँकेत तारण मागतात. होडी हे तारण बँकेला फारसे रुचत नाही. ती बुडू शकते, हे त्यांचेही खरेच. मग माणूस मासळीच्या व्यापाऱ्याकडे जातो. व्यापारी कागद मागत नाही, जामीन मागत नाही. फक्त एवढेच म्हणतो, की मासळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. इथे मालकीची दुसरी गंमत कळते. होडी आपली, पण तिच्यातली मासळी समुद्रातून वर येण्याआधीच विकली गेलेली असते, आणि भाव ठरवणारा किनाऱ्यावर छत्री उघडून उभा असतो. मालवणच्या हॉटेलात सुरमईच्या थाळीचे जे पैसे पाहुणे मोजतात, त्यांतले वाळूवर किती उतरतात याचा शोध आमच्या अर्थशास्त्र मंडळाने एकदा घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

परंतु ही सारी दुखणी सोसता येतील. होडी ओढता येते, जाळे शिवता येते, कर्जही फेडता येते. समुद्रात मासा असला तर! आणि मुख्य प्रश्न तिथेच आहे.

किनाऱ्यालगतचे पाणी ही छोट्या होडीची शेती आहे. ती खोल समुद्रात जाऊ शकत नाही. मोठी नौका मात्र खोल समुद्रात जाऊ शकते, तरीही किनाऱ्याला येते, कारण मासळी इथे जास्त आणि डिझेल कमी लागते. हा झगडा आजचा नाही. सत्तरच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली, तेव्हा तिथले रापणकार रस्त्यावर उतरले. मथानी साल्डान्हा यांच्यासारख्या शिक्षकाने त्यांचे नेतृत्व केले. त्यातून १९८० साली गोव्याचा आणि १९८१ साली आपल्या राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यापासून ठराविक वाव खोलीपर्यंतचे पाणी ट्रॉलरला बंद करण्याची तरतूद त्यातूनच आली. पुढे पर्ससीनच्या प्रश्नावर सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर महिन्यांची व हद्दीची बंधने घातली गेली. रात्री प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासळीचे थवेच्या थवे गोळा करण्याच्या एल.ई.डी. पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवण्यास सुरुवात झाली.

म्हणजे कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती कायदा आणि पाणी यांच्यामधल्या अंतराची. आमच्या अंगणातून रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. परगावचा पाहुणा म्हणतो, "वा, किती सुंदर!" बाबा काही बोलत नाहीत, उठून आत जातात. ड्रोनला बेकायदा नौका दिसते, तिचे चित्रही मिळते. पण वेगवान ट्रॉलर अडवायला पाण्यावर तितकीच वेगवान गस्ती नौका लागते आणि तिच्यात पुरेशी माणसे लागतात. ज्या रात्री ती नसते, त्या रात्री कायदा कपाटात झोपलेला असतो. आमची कांडाळ पाण्यात पसरलेली असताना तिच्यावरून ट्रॉलर गेला तर सकाळी हाती लागतात ते नुसते दोरांचे तुकडे. तक्रार द्यायची कुणाविरुद्ध? काळोखात नंबर दिसत नाही.

पावसाळी बंदीचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी मला मनापासून मान्य आहे. प्रजननाच्या काळात मासळीला उसंत मिळालीच पाहिजे. पण १ ऑगस्टला बंदी उठते तेव्हा बंदरातल्या मोठ्या नौका बाहेर पडू शकतात, आणि आमच्या वाळूवर मात्र लाटा अजून माणसाएवढ्या फुटत असतात. आमचा मुहूर्त नारळी पौर्णिमेचा, आणि तोही समुद्राने मानला तर. म्हणजे पंगतीला बोलावणे सर्वांना एकाच वेळी. पण आमच्या दारापुढे पूर! आम्ही पोहोचेपर्यंत पहिली वाढ झालेली असते.

इथे कुणी म्हणेल, लेखक मच्छीमाराचा मुलगा, तो आपल्याच पोळीवर तूप ओढणार. म्हणून आमच्या बाजूचा दोषही सांगतो. छोटा मच्छीमार म्हणजे साधुसंत नव्हे. बारीक आसाची जाळी आमच्या किनाऱ्यावरही लागतात; बोटाएवढी पिल्ले आमच्या टोपलीतही येतात. शासनाने २०२३ मध्ये पापलेटला 'राज्य मासा' घोषित केले. पण पापलेटची पिल्ले बाजारात येतात आणि आपण ती हौसेने खातो, त्याला कोण जबाबदार? काल पर्ससीनच्या नावाने खडे फोडणारा आज पैसे आले की पर्ससीनमध्येच भागीदार होतो, असेही मी पाहिले आहे. संस्थेच्या सभेला वीस माणसे येत नाहीत आणि भांडणाला दोनशे येतात. हे आपणच सुधारायचे. त्यासाठी मंत्रालयाकडे बघण्याचे कारण नाही.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाची आठवण सांगून शेवटाकडे वळतो. मी तेव्हा शाळेत होतो. वादळाची सूचना आधी मिळाली होती, होड्या वर ओढून माडांना बांधल्या होत्या. पण त्यांतलाच एक माड आमच्या मांगरावर कोसळला. आत वर्षभराची जाळी होती. पत्रे उडाले, जाळी पावसात आणि कौलांच्या तुकड्यांत गुंडाळली गेली. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारले, "होडी शाबूत आहे ना?" बाबा म्हणाले, "आसा." त्यांनी मान हलवून पुढचे घर गाठले. जाळ्याविना होडी म्हणजे बैलाविना नांगर, हे त्यांना कोण समजावणार? त्या रात्री आई-बाबांनी कंदिलाच्या उजेडात जाळी उलगडायला घेतली. पुढे कित्येक रात्री ते काम चालले.

माझा थोरला भाऊ म्हणतो, होडी रंगवून घेऊ, लाइफ जॅकेट टांगू, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेऊ. त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. अनेकांची चूल आज त्यावर पेटते, आणि तेही कष्टच आहेत. दुसरा मार्ग, होडी विकून टाकण्याचा. तो विषय निघाला की बाबांचे एकच उत्तर : "होडी विकलंय, तर सकाळी उठान मी खंय जाव?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि माझ्या पदवीकडेही असेल असे वाटत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचे मी स्वागत करतो. पण शेतकऱ्याला दर्जाआधी बांध लागतो. दुसऱ्याचे गुरे-ढोर आत शिरू नये म्हणून. आमच्या शेताला बांध नाही. म्हणून माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. किनाऱ्यालगतचे पाणी छोट्या होडीसाठी कायद्यात आहे तसे प्रत्यक्षात राखावे, त्यासाठी प्रत्येक तालुक्याला बारमाही गस्ती नौका असावी. छोट्या मच्छीमाराला व्यापाऱ्याच्या दारात जावे लागू नये एवढे सुलभ कर्ज मिळावे, आणि नुकसानीच्या पंचनाम्यात होडीइतकेच जाळे मोजावे. तिसरी गोष्ट म्हणजे वाळूवरच्या गावांना होडी ओढण्याची यांत्रिक सोय आणि बर्फाची पेटी मिळावी. यातले काहीच आकाशातले चांदणे नाही.

आणि मित्रहो, तुमच्याकडे एक मागणे. आपल्या कॉलेजात किनाऱ्यावरून येणारी निदान चाळीस-पन्नास मुले असतील. ती ओळख देताना गावाचे नाव सांगतात, बापाचा धंदा सांगत नाहीत. मीही पहिल्या वर्षी सांगत नव्हतो. हातांना वास येईल म्हणून वर्गात मागे बसत होतो. आता बसत नाही.

तो दाखला मला अखेर मिळाला. तिसऱ्या खेपेला, रोजच्या विक्रीची वही पुढे ठेवल्यावर. बाबा ती वही पेन्सिलीने लिहितात; ओल्या हाताने शाई फुटते म्हणून. त्या गृहस्थांनी चार पाने उलटली, पाचव्यावर थांबले आणि न बोलता सही केली. यंदा पुन्हा अर्ज भरायचा आहे. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी पुन्हा तेच लिहीन : मासेमारी, स्वतःची होडी. वही मात्र या वेळी पहिल्याच खेपेला सोबत नेईन.