परत फिरण्याचे धैर्य

छोटे विमान कोसळले की दुसऱ्या दिवशी दोनच निदाने कानी पडतात : ‘इंजिन बिघडले’ किंवा ‘वैमानिक चुकला’. बारामतीच्या परिसरात २५ जुलै २०२२ रोजी एक प्रशिक्षण-विमान शेतात कोसळले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, तेथेच आणखी दोन पडली. सुदैवाने तिन्ही वेळा प्राणहानी झाली नाही. कोणत्या अपघाताचे कारण काय, हे चौकशी करणाऱ्यांनी ठरवावे. पण विमान उतरवणे मुळात इतके नाजूक का, हे आपल्याला शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही कळते.

समजा, एक छोटे विमान हवेच्या सापेक्ष ताशी १०० किलोमीटर वेगाने उतरत आहे. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ८० होतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर १२०. वेग दीडपट, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सव्वादोन पट! ब्रेक तेवढेच लागले तर थांबायला अंतरही सव्वादोन पट हवे. धावपट्टी मात्र वाढत नाही.

आता आपल्या वर्ध्याचा मे महिना घ्या. दाब तोच असेल, तर ४५ अंश तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. तेवढाच उचल-जोर मिळण्यासाठी वेग सुमारे ५ टक्के जास्त लागतो आणि थांबण्याचे अंतर सुमारे १० टक्के वाढते. गंमत अशी की, वेगमापक हवेच्या दाबावर चालत असल्याने तो नेहमीचाच आकडा दाखवतो!

मग वेग कमी ठेवावा का? तोही फार कमी करता येत नाही. संथ विमानाचे नाक उचलत गेले, की एका मर्यादेनंतर पंखांवरचा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि उचल-जोर एकदम ढासळतो. जमिनीजवळ सावरायला उंचीच उरलेली नसते.

यावर एक साधा उपाय आहे. उतरण्याचे गणित बिघडते आहे असे दिसताच पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे, फेरी मारायची आणि नव्याने उतरायचे. हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला शिकवतात. तरीही ‘एवढे जवळ आलो, आता उतरूच’ हा मोह सुटत नाही. माझ्या मते, या मोहाची सवय विमानात नव्हे, आपल्या वर्गात लागते. लंबकाच्या प्रयोगात ‘जी’चे मूल्य ९८० आले नाही, की वाचने जुळवली जातात, प्रयोग पुन्हा करणाऱ्याला मात्र ‘वेळ संपली’ म्हणून कमी गुण मिळतात.

शिक्षक बंधू-भगिनींनो, त्याला पूर्ण गुण द्या. आणि मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी गोंदियाजवळच्या बिरसीला वैमानिक व्हायला गेला, तर ही सवय बरोबर न्या. परत फिरणे म्हणजे हार नव्हे. ते चुकीच्या वाचनाला दिलेले प्रामाणिक उत्तर आहे.