डिस्चार्ज कार्डात रुग्णासाठी काय लिहिले आहे?

भिवंडीतल्या धामणकर नाक्याच्या आसपास दवाखाने चालवणाऱ्या वाचकांची एकच तक्रार सध्या वारंवार येते आहे. मुंबई-ठाण्याहून प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार घेऊन आलेला रुग्ण फाइल पुढे करतो आणि तिच्यात त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल अवाक्षर नसते. ‘बायलॅटरल ऑर्किडेक्टमी केली, तीन महिन्यांनी पीएसए’, एवढेच आणि तेही इंग्रजीत. रात्री अंगातून वाफा निघतात, अंथरूण घामाने भिजते. टेस्टोस्टेरॉन खाली गेल्याने हे होते, हे रुग्णाला कोणी सांगितलेले नसते आणि फॅमिली डॉक्टरलाही कोणी कळवलेले नसते. मग टीबीच्या शंकेने एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सुरू होते. हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मन खचणे यांचा उल्लेखही नाही. ‘दर वेळी इंजेक्शन नको, एकदाच काय ते उरकू’ म्हणून अंगठा घेतलेल्या माणसाला कामेच्छा गेल्याचे घरी आल्यावर उमगते.

याला संमती म्हणता येत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितले की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके कळल्याखेरीज दिलेली संमती ग्राह्य नाही. पर्याय खरोखरच असतात. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात 1,643 पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिओथेरपी अशा तीन गटांत विभागले होते. 2016 च्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तिन्ही गटांत सुमारे एक टक्का. मात्र शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी 46 टक्के पुरुष लघवीसाठी पॅड वापरत होते, सहा वर्षांनी 17 टक्के. आपले रुग्ण उशिरा येतात, ते आकडे लवकर सापडलेल्या आजाराचे, हा आक्षेप रास्त आहे. पण उशिरा आलेल्याला हार्मोनचे उपचार वर्षानुवर्षे चालतात. म्हणजे त्याला माहितीची गरज अधिकच. यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभ्याने करणाऱ्याची शस्त्रक्रियेनंतर लघवी ठिबकत असेल, तर त्याचा रोजगारच धोक्यात येतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले तर बहुतेकांची गळती काही महिन्यांत कमी होते, हेही त्याला सांगायचे राहून जाते.

‘ओपीडीत वेळ कुठे आहे?’ असे आमचेच सहकारी विचारतात. छापील पान हातात देऊन त्यातल्या चार ओळींवर बोट ठेवायला फार वेळ लागत नाही. न सांगितल्याने होणाऱ्या अनावश्यक तपासण्यांत कितीतरी अधिक जातो. ‘बाबांना सांगू नका’ हा मुलांचा आग्रह समजून घेता येतो, पण शरीर बाबांचे आहे. पीएसए शून्याजवळ आला की काम फत्ते, ही समजूत आपणच सोडली पाहिजे. रुग्णाला झोप लागते का, लघवी आवरते का, बायकोशी बोलणे उरले आहे का, हे दर भेटीत विचारून नोंदवायला हवे.

सरकारी परिपत्रकाची वाट पाहत बसू नका. प्रत्येक यूरॉलॉजिस्टने आणि ऑन्कॉलॉजिस्टने आपल्या उपचाराचे एक पान लिहावे: काय होईल, किती काळ राहील, काय करावे, कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी यावे. अंगाची भाषा साधी ठेवा. लिंगाला ताठरता येणार नाही हे तसेच लिहा. मसुदे या महिनाअखेर आमच्याकडे पाठवा. पद्मानगरातल्या सहकाऱ्यांनी तेलुगू आणि शहरातल्या इतरांनी उर्दू-हिंदी मजकूर तपासून द्यावा. छापण्याचा खर्च मासिक करील.