कुऱ्हाड घ्यावी पारखून

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक अपघात होता होता टळला. रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी गॅस आहे, पण आंघोळीचे पाणी अजूनही चुलीवरच तापते. अंगणात बाभळीचा एक वाळका ओंडका पडून होता. तो फोडायला पुतण्याने शहरातल्या एका दुकानातून नवी कोरी कुऱ्हाड आणली. लाल रंग दिलेले पाते, आरशासारखा चकचकीत दांडा, किंमत साडेतीनशे रुपये. तिसऱ्या दिवशी सकाळी घाव घालायला त्याने हात वर नेला आणि पाते दांड्यातून निसटले. अख्खे अंगण ओलांडून ते तुळशीच्या ओट्यावर आदळले. ओट्याची वीट फुटली. तिथून दोन हातांवर माझी आई तुरीची डाळ पाखडत बसली होती.

त्यानंतर घरात जी बोलणी झाली, ती सगळी पुतण्यालाच. पाचर ठोकून घ्यायची होतीस, रात्री पाण्यात भिजत घालायची होतीस, हल्लीच्या पोरांना काही येत नाही वगैरे. कुऱ्हाडच खोटी होती, हे कोणाच्या तोंडून आले नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, भोवरा कुठे आहे ते पाहतो. दोन किलो वांगी घ्यायची तरी एकेक वांगे फिरवून पाहतो. आणि जी वस्तू आपल्या माणसाच्या डोक्यावरून वेगाने फिरणार आहे, ती मात्र रंग पाहून घरी आणतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपण कुऱ्हाड विकत घेतो, निवडत नाही.

पूर्वी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. गावचा लोहार बलुतेदार होता. कोणाच्या घरी कोण लाकडे फोडते, कोणाच्या शेतात बाभळी किती, कोणाचा हात जड आणि कोणाचा हलका, हे त्याला ठाऊक असे. सुगीला ज्वारी न्यायची आणि वर्षभर अवजारे पाजवून द्यायची, असा तो व्यवहार होता. तो काही रामराज्याचा व्यवहार नव्हता. बलुतेदाराच्या वाट्याला काय यायचे ते सर्वांना माहीत आहे. पण अवजार वाईट निघाले तर ते बनवणारा चार घरे सोडून राहत असे आणि त्याला दारात उभे करून विचारता येत असे. आता विचारायचे कोणाला?

वीट फुटल्यानंतर आठ-दहा दिवसांनी गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, घिसाड्यांची दोन पाले पडली. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. जमिनीत खड्डा करून केलेली भट्टी, हाताने फिरवायचा पंखा, ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा. सांडशीत लाल लोखंड धरून पुरुष बसलेला आणि समोर उभी राहून घण मारणारी बाई, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेले असते. मी आमची कुऱ्हाड घेऊन गेलो. घण खाली ठेवून त्या मावशींनी पाते हातात घेतले, नखाने रंग खरवडला, नेढ्यात बोट घातले आणि म्हणाल्या, "भाऊ, हे कुऱ्हाड नाही, हा पत्रा हाय. इले पानीच नाही पाजलं कोनं."

नेढे म्हणजे दांडा बसवायचे भोक. रंगाखाली जोडाची उंचसखल रेघ निघाली. जाड पट्टी कापून तिला पाइपचा तुकडा वेल्डिंगने चिकटवला होता आणि वरून लाल रंग फासला होता. घडवलेल्या कुऱ्हाडीत नेढे आणि पाते एकाच लोखंडाचे असते, किंवा लोखंड वळवून, तापवून, घणाखाली एकजीव केलेले असते. म्हणून पहिली गोष्ट ही, की रंगाची कुऱ्हाड घेऊच नये. घ्यायचीच असेल तर नेढ्याभोवतीचा रंग दुकानदारासमोर खरवडून पाहावा. तो नाही म्हणाला तर आपल्याला उत्तर मिळालेच.

मग त्यांनी कानस घेऊन धारेवरून एकदा ओढली. कानस साबणात रुतावी तशी रुतली. धार मऊ असली की हेच होते. दोन ओंडक्यांत ती वळते. उलट कानस काचेवरून सटकावी तशी सटकली तर धार फाजील कडक असते आणि गाठीवर घाव बसताच तिचा टवका उडतो. चांगल्या धारेला कानस धरते, पण कुरकुरत धरते. एवढी एक परीक्षा कोणालाही करता येते. खिशात छोटी कानस घेऊन बाजारात गेलो म्हणून कोणी हसले, तर हसू द्यावे.

हा सगळा कार्बनचा खेळ आहे. साध्या मऊ लोखंडात, ज्याच्या खिडक्यांच्या सळया होतात, कार्बन शेकडा पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. त्याला कितीही पाणी पाजा, ते कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून आजचे गावोगावचे लोहार भंगारातून पाटेच उचलतात. ते लोखंड लालबुंद तापवून धार पाण्यात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. मग जाणता लोहार धार थोडी घासून उजळ करतो आणि वाट पाहतो. मागच्या जाड भागातली उष्णता हळूहळू धारेकडे येते आणि उजळलेल्या लोखंडावर रंग धावू लागतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. तपकिरी सरून जांभळा दिसू लागला की कुऱ्हाड पुन्हा पाण्यात. ही वेळ साधली तर धार टिकते आणि तुटतही नाही. हे तापमान दोनशे सत्तर-ऐंशी अंशांच्या घरातले आहे. ते त्या मावशी नुसत्या डोळ्यांनी ओळखतात. म्हणूनच, चांगली कुऱ्हाड विजेच्या ग्राइंडरवर धार लावायला देऊ नये, दिलीच तर समोर उभे राहावे. धार निळी पडली की तिचे पाणी उतरले, आणि ते काही घासून परत येत नाही.

पात्यापेक्षा दांड्यात माणसे जास्त फसतात. आमच्या कुऱ्हाडीचा तो चकचकीत दांडा कुठल्याशा हलक्या, ओल्या लाकडाचा होता. वऱ्हाडात दांड्याला धावडा चांगला, धामण त्याहून लवचीक, तिवस उत्तम, आणि काहीच नसेल तर जुनी बाभूळ. सागाचा दांडा दिसायला देखणा, पण हिसका सोसण्याच्या कामाचा नाही. लाकूड कोणतेही असो, त्याचे रेषे दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. मधेच तिरके बाहेर पडले असतील तर एक दिवस दांडा तिथेच मोडणार. कुऱ्हाड डोळ्यासमोर धरून दांड्यावरून धारेकडे नेम धरल्यासारखे पाहावे. धार दांड्याच्या रेषेत दिसली पाहिजे. ती डावी-उजवी झुकली असेल तर घाव लाकडावर बसण्याऐवजी घसरतो, आणि घसरलेला घाव बहुधा नडगीवर येतो. पायावर कुऱ्हाड मारून घेण्याचा वाक्प्रचार कोणी घरी बसून बनवलेला नाही.

आणि ते पाण्यात भिजत घालणे! आमच्याकडे दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर टाक्यात टाकायची रीत आहे. सकाळी दांडा फुगून घट्ट बसतो, आपण खूश. पण फुगलेले लाकूड नेढ्याच्या लोखंडात चेपले जाते आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होते. दर वेळी थोडे अधिक सैल. वऱ्हाडात जवसाचे तेल काही दुर्मीळ नाही. ते दांड्याच्या वरच्या टोकाला दोन-तीनदा मुरवावे आणि वाळल्या लाकडाची पाचर ठोकावी. माझ्या वडिलांनी जन्मभर कुऱ्हाडी भिजवल्या आणि मीही त्यांचेच पाहून भिजवत आलो, हेही सांगून टाकतो.

पाते दांड्यातून निसटू नये ही काळजी किती जुनी आहे पाहा. नागपूरजवळ माहुरझरीला आणि पारशिवनी तालुक्यात नाईकुंडला महापाषाणयुगीन माणसांची दगडी वर्तुळे आहेत. डेक्कन कॉलेजचे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले. नाईकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. तिथल्या लोखंडी कुऱ्हाडींना नेढे नाही. पाते सपाट आहे आणि ते दांड्याला धरून ठेवण्यासाठी लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या-तिरप्या आवळलेल्या आहेत. अडीच हजार वर्षांहून जुनी ही वस्तू विदर्भाची ओळख म्हणून अभ्यासक सांगतात. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या राजांच्याही हजारएक वर्षे आधी इथल्याच मुलखातला कोणी लोहार हाच विचार करत होता, की हे पाते सुटून कोणाला लागू नये. आणि आपण वेल्डिंगचा पाइप घेऊन येतो.

मावशींनी मला एक प्रश्न विचारला, जो कोणत्याही दुकानात कोणी विचारला नसता. "लाकडं कोन फोडते घरी?" मी सवयीने म्हटले, पुतण्या. मग खरे बोलायची वेळ आली. पुतण्या सुटीत येतो तेव्हा दोन दिवस हौसेने फोडतो. एरवी वर्षभर रोजचे सरपण फोडते माझी वहिनी. तिने आजवर दीराच्या, नवऱ्याच्या, सासऱ्याच्या हाताच्या मापाच्या दोन-दोन किलोच्या कुऱ्हाडी चालवल्या आणि दर हिवाळ्यात खांदा धरून बसली. आमच्या जिल्ह्यात किती घरांत हेच असेल! कुऱ्हाड घेतो पुरुष, चालवते बाई. मावशींनी दुसऱ्या दिवशी वहिनीलाच बोलावून घेतले. तिच्या हातात तीन पाती देऊन पाहिली आणि किलोभराचे पाते ठरवले. तळव्यात पाते धरून हात लांब केला की दांडा बगलेपर्यंत यावा, हे तिचे माप. फोडायची कुऱ्हाड म्हणून पोट जाड, पाचरीसारखे. झाड तोडायची असती तर पाते पातळ केले असते. वजनाने लाकूड फुटते हा आपला गैरसमज आहे. ते फुटते वेगाने आणि धारेने, आणि जड कुऱ्हाडीला थकलेला हात वेग देऊ शकत नाही.

इथे कोणी विचारील, की कुऱ्हाडबंदीच्या महाराष्ट्रात हा कुऱ्हाडीचा कैवार कशाला? राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी हा शब्द आपल्याला दिला आणि तो दिला हे फार चांगले झाले. पण त्या बंदीचा अर्थ उभे झाड तोडू नका असा आहे. आंबा, चिंच, मोह, साग, तिवस अशा झाडांना तर आपल्या शेतातही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. १९६४ पासून तसा कायदाच आहे. रस्ते रुंद होताना गेलेले जुने कडूनिंब मी जाताना पाहिले आहेत. त्यांच्या बुंध्याशी यांत्रिक करवत होती आणि मागे जेसीबी. वाळकी बाभूळ फोडणाऱ्या वहिनीच्या कुऱ्हाडीवर त्याचे खापर नको.

कुऱ्हाडीचे सहाशे रुपये झाले, दांड्यासह. सवयीने मी "पाचशे करा" म्हणून गेलो आणि लगेच जीभ चावली. दुकानात साडेतीनशे छापील म्हणून मुकाट्याने दिले होते. इथे कोळसा, पाट्याचे भंगार, दोघांची अर्ध्या दिवसाची मेहनत समोर दिसत असताना घासाघीस सुचली. मावशी हसल्या फक्त. २०२३ मध्ये केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात लोहार आहेत, हातोडा व अवजारे बनवणारे आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. मी मोठ्या उत्साहाने ते सांगितले. त्यांनी विचारले, "दाखला कोन्या गावचा लावू?" भटक्यांच्या कागदपत्रांचा हा प्रश्न बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ च्या अहवालात मांडला होता. मधे बरीच वर्षे गेली. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत दर साली त्याच जागी, त्याच महिन्यात ही पाले पडतात, तिला ही माणसे आपली म्हणून लिहून घ्यायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेले नाही. पुढच्या ग्रामसभेत मी हे विचारणार आहे. गावातले दोघे-तिघे माझ्या बाजूने बोलतील असे दिसते. बाकीच्यांना आधी वहिनीची कुऱ्हाड दाखवावी लागेल.

ती सध्या ओसरीत खुंटीला आहे. शेजारचे दोनदा मागायला आले आणि वहिनीने दोनदा नाही म्हणून सांगितले. पाले उठली तेव्हा मावशींचा मुलगा सांगून गेला, की तूर निघाली की याच रस्त्याने परत येऊ. ओट्याची वीट तोवर बसवायची नाही, असे आईने ठरवले आहे. मावशींना ती पाहायची आहे म्हणे.