दोष पडद्याचा की जोडणीचा?

टीव्हीला व्हिडिओ गेम जोडला आणि काही दिवसांनी चित्रात बिघाड दिसू लागला, की पहिला ठपका खेळणाऱ्या मुलावर येतो. ‘गेम लावल्यामुळेच टीव्ही गेला’ हा निवाडा अनेक घरांत चौकशीपूर्वीच दिला जातो. या समजुतीला जुना आधार आहे. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या संचावर एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिले, तर आतील फॉस्फरचा लेप तेवढ्या जागी झिजे आणि पडद्यावर कायमचा ठसा उमटे. आज कमी किमतीत मिळणारे बहुतेक संच एलईडी दिव्यांच्या प्रकाशावर चालणारे एलसीडी संच आहेत. त्यांत असा कायमचा ठसा क्वचितच उमटतो. म्हणून मुलाला बोल लावण्यापूर्वी आणि नव्या संचासाठी पैसे मोजण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे न्यायाचे ठरते.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विष्णुपुरी परिसरात १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. अशा विद्यानगरीत तीन-चार मुलांनी वर्गणी काढून ३२ इंची टीव्ही घ्यावा आणि त्याला लॅपटॉप किंवा गेम कन्सोल जोडावा, यात नवल नाही. सुट्टीत तोच कन्सोल गावाकडच्या टीव्हीला जोडला जातो आणि खोलीवर स्वच्छ दिसणारे चित्र घरी फिके, कापलेले किंवा रेंगाळणारे दिसते. घरच्यांच्या मते कन्सोल खराब असतो, मुलाच्या मते टीव्ही. पुष्कळदा दोन्ही यंत्रे धडधाकट असतात. त्यांचा आपसांतील मेळ तेवढा बसलेला नसतो.

चित्रपट पाहताना न जाणवणारे दोष गेममध्ये लगेच का दिसतात, याचेही कारण आहे. चित्रपटाचे दृश्य दहाव्या हिश्शाच्या सेकंदाने उशिरा आले तरी प्रेक्षकाला कळत नाही. गेममध्ये बटण दाबताच पडद्यावर हालचाल व्हावी लागते. शिवाय धावसंख्या, नकाशा, उरलेला वेळ ही माहिती पडद्याच्या अगदी कडेला असते. त्यामुळे संचात पहिल्या दिवसापासून असलेला दोषही मुलालाच प्रथम दिसतो आणि तोच त्या दोषाचा कर्ता समजला जातो.

पहिली परीक्षा : टीव्हीचा स्वतःचा मेनू

चित्र बिघडलेले असताना टीव्हीच्याच रिमोटवरील सेटिंगचे बटण दाबावे. हा मेनू टीव्ही स्वतः तयार करतो. केबल किंवा कन्सोलचा त्याच्याशी संबंध नसतो. उभी रेघ, काळा पट्टा किंवा डाग मेनूवरूनही जात असेल, तर दोष पडद्यात किंवा त्यामागील दिव्यांत आहे. मेनू स्वच्छ आणि मागचे दृश्य मात्र खराब असेल, तर दोष केबलीत, कन्सोलमध्ये, जोडणीच्या खाचेत किंवा सेटिंगमध्ये शोधावा. नुसता अंधुकपणा मात्र या परीक्षेला अपवाद आहे. वीजबचतीच्या सेटिंगमुळे मेनूही अंधुक होतो. म्हणून ती सेटिंग आधी बंद करून पाहावी.

आवाज येतो पण पडदा काळा राहतो, अशा वेळी खोलीत अंधार करून विजेरीचा प्रकाश पडद्यावर तिरपा टाकावा. चित्र पुसट दिसले, तर पडद्यामागील दिवे बंद पडले आहेत. ही दुरुस्ती कारागिराची आहे. घरी मागचे झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

दुसरी परीक्षा : एका वेळी एकच बदल

दोष बाहेरचा ठरल्यास केबल, खाच आणि यंत्र ही तीन अंगे उरतात. एका वेळी एकच अंग बदलावे. प्रथम केबल तीच ठेवून ती टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय खाचेत लावावी. मग केबल बदलावी. शेवटी कन्सोलच्या जागी सेट टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप जोडून पाहावा. प्रत्येक वेळी काय दिसले, ते कागदावर टिपावे. सर्व काही एकदम बदलले, तर चित्र सुधारूनही कारण हाती लागत नाही. हिशेबात फरक आला असता जसे एकेक नोंद पडताळतात, तसाच हा क्रम आहे. केबल काढता-घालताना दोन्ही यंत्रे बंद असावीत.

चित्र क्षणभर काळे होऊन परत येणे किंवा पडद्यावर चमकते ठिपके दिसणे, हे बहुधा केबलीचे लक्षण असते. कन्सोलच्या सेटिंगमध्ये ४के ऐवजी १०८०पी निवडावे. त्याने त्रास थांबला, तर केबलीला मोठा भार पेलत नाही असे समजावे. अशा वेळी केबल बदलली तरी पुरते. लांब आणि स्वस्त केबलींत हा दोष अधिक आढळतो.

‘नो सिग्नल’ दिसल्यास रिमोटने योग्य इनपुट निवडला आहे का, हे आधी पाहावे. पूर्वीच्या टीव्हीनुसार कन्सोल मोठ्या प्रतीचे चित्र पाठवत असेल आणि नवा टीव्ही ते स्वीकारत नसेल, तरी पडदा रिकामा राहतो. प्लेस्टेशन पूर्ण बंद करून त्याचे पॉवर बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत दाबून ठेवले, की सेफ मोड उघडतो आणि तेथून चित्राची प्रत बदलता येते. त्या वेळी खेळाचा कंट्रोलर यूएसबी केबलीने जोडावा लागतो.

सेटिंगचे दोष आणि त्यांचे उपाय

बटण दाबल्यावर उशिरा हालचाल होत असेल, तर टीव्हीत ‘गेम मोड’ सुरू करावा. दृश्य अधिक नितळ दिसावे म्हणून टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. गेम सेकंदाला ६० चित्रे देत असेल, तर एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर म्हणजे ६ चित्रांचा उशीर. गेम मोड यांपैकी बरीचशी प्रक्रिया वगळतो. तो नसल्यास ‘मोशन’ आणि ‘नॉइज रिडक्शन’ या सेटिंग बंद कराव्यात. काही संचांत गेम मोड प्रत्येक इनपुटसाठी वेगळा लावावा लागतो.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर ते ‘ओव्हरस्कॅन’ होय. पिक्चर ट्यूबच्या काळात कडेचे वेडेवाकडे चित्र झाकण्यासाठी दृश्य किंचित मोठे करीत. ती रीत नव्या संचांतही राहून गेली आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘१:१’ असा पर्याय निवडावा.

काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातील सारे तपशील काळोखात बुडत असतील, तर रंगांच्या मापाचा मेळ चुकलेला असतो. टीव्हीच्या दृश्यांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे माप १६ ते २३५ असे धरतात, संगणकात ० ते २५५. एक यंत्र एक माप पाठवते आणि दुसरे भलतेच गृहीत धरते. कन्सोलमधील ‘आरजीबी रेंज’ आणि टीव्हीतील ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ या दोन्ही सेटिंग आधी ‘ऑटो’वर ठेवाव्यात. त्याने भागले नाही, तर कन्सोलमध्ये ‘लिमिटेड’ निवडावे.

एचडीआर सुरू केल्यावर चित्र मंद होत असेल, तर कन्सोलमधून एचडीआर बंद करावे. खोक्यावर एचडीआर छापलेले असले, तरी पुष्कळ स्वस्त संचांच्या दिव्यांत त्यासाठी लागणारी प्रखरता नसते.

लॅपटॉप जोडल्यावर अक्षरे पुसट दिसत असतील, तर संचाची खरी क्षमता पाहावी. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ३२ इंची संचांचा पडदा १३६६ × ७६८ बिंदूंचा असतो. १०८०पीचे चित्र त्यात आकसून बसते. लॅपटॉपमध्ये पडद्याच्या मापाचे चित्र निवडावे आणि टीव्हीतील ‘शार्पनेस’ कमी करावे.

बिल, दुकान आणि पत

परीक्षेअंती दोष पडद्याचाच ठरला, तर प्रथम बिल आणि वॉरंटीची अट वाचावी. दोषाचा व्हिडिओ मेनूसकट काढून ठेवल्यास कारागिराशी वाद उरत नाही. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. नवा संच घ्यावाच लागला, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही ध्यानी असावे. जुना संच उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

टीव्ही विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठीही यात एक हिताची गोष्ट आहे. संच देताना ग्राहकाला पडद्याची खरी क्षमता सांगितली, कोणती एचडीएमआय खाच वापरावी ते दाखवले आणि गेम मोड कोठे आहे हे समजावले, तर त्यात दहा मिनिटे जातात. तेवढ्याने उद्याची तक्रार टळते आणि खोक्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षा दुकानदाराच्या शब्दावर विश्वास बसतो.

घरातही तेच. वडिलांनी रिमोट हाती घ्यावा, मुलाने केबल बदलावी आणि दोघांनी मिळून नोंदी पाहाव्यात. खेळ किती वेळ असावा, हा प्रश्न घराने आपल्या रीतीने जरूर ठरवावा. पण बिघडलेल्या केबलीच्या नावाने मुलाला शिक्षा झाली, तर मुलाच्या मनात वेळेच्या नियमाविषयीही आदर राहत नाही. तपास आधी झाला आणि दोष मुलाचा नसल्यास तसे मोकळेपणाने सांगितले गेले, की ‘आता पुरे, टीव्ही बंद कर’ हे सांगणेही त्याला पटते.