शर्यतीपूर्वीची विश्रांती

पारगावच्या भीमाशंकर साखर कारखान्याच्या परिसरातील ज्या तरुणाने, १९८३ साली सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनसारख्या शर्यतीत ४२.१९५ किलोमीटरचे अंतर प्रथमच कापण्याची उमेद धरली असेल, त्याने अखेरचे दोन-तीन आठवडे विश्रांतीसाठी मुक्रर करावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. स्नायूंतील सूक्ष्म इजा भरून निघण्यास अवधी लागतो. म्हणून सरावाचे अंतर क्रमाक्रमाने निम्म्याखाली आणावे, वेग मात्र अगदीच सोडू नये. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चिंता नको. आधीच्या आठवड्यातील निद्रा अधिक उपयोगी पडते. श्रमालाच कर्तव्य मानणाऱ्या शेतकरी घरात निजून राहणे आळस ठरते, हे जाणूनच वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्या मुदतीत मुलामुलींना ऊसतोडीस वा कांद्याच्या लागणीस जुंपू नये.