धनादेश एकदाच, मेसचे बिल दरमहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की रोटरी, लायन्ससारख्या क्लबांचे गुणगौरव सोहळे सुरू होतात: प्रमाणपत्र, गुलाबपुष्प, एकरकमी धनादेश आणि फोटो. हेतू चांगलाच, पण खोलीचे भाडे आणि मेसचे बिल दरमहा येते. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांची. अशा मदतीच्या भरवशावरच शिक्षणाचा बेत आखता येतो. ही मदत गरज पाहून द्यावी म्हटले, तर गुणांइतका निःपक्षपाती निकष दुसरा नाही, असा आक्षेप येईल. मान्य, पण गुणपत्रिकेवरून गरज कळत नाही. ती घरी जाऊन पाहावी लागते, आणि रक्तदान शिबिरांसाठी रविवार देणाऱ्या सदस्यांना ते जड नाही. यंदा धनादेश कमी वाटा, पण निवडलेली मुले पदवीपर्यंत सांभाळा.