स्वस्त पडलेली सहल कोणाला महाग पडली?

गेल्या महिन्यात शिवथरच्या खोऱ्यातील एक जुने गिऱ्हाईक महाडला आमच्या दुकानात बसले होते. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधून झाला, चहा आला आणि ते म्हणाले, "शेठ, लग्न उरकले की आम्ही दोघे आठ दिवस दुबईला जाऊन यावे म्हणतो. विमानाचे तिकीट तेवढे काढायचे. राहण्या-खाण्याचा प्रश्नच नाही, पुतण्या आहे तिथे."

मी म्हटले, "हिशेब चुकला." ते हसले. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. मी थट्टा करत नव्हतो. हाच हिशेब मी स्वतः चुकलो आहे, म्हणून आज व्यापाराच्या या पानावर सहलीचा विषय घेतो आहे.

महाड-पोलादपूरकडच्या बिरादरीत आखातात कोणी नाही असे घर शोधावे लागेल. त्यामुळे परदेशची लहानशी सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दुबई येते आणि महागाईवरचा एकच उपाय सुचतो, तो म्हणजे नातेवाइकाचे घर. वाचक बंधूंनो, खर्च वाचवणे आणि खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापाऱ्याला तरी हा फरक कळला पाहिजे.

२०११ सालच्या मार्च महिन्यात आम्ही नवरा-बायको नऊ दिवस दुबईला गेलो. बहिणीचा मुलगा तिथे एका मालवाहतुकीच्या कचेरीत नोकरीला होता. तो देरा भागात एका खोलीत पाच जणांबरोबर राहत असे. एकावर एक असे पलंग आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक बिछाना, त्यालाच तिकडे 'बेड स्पेस' म्हणतात. मामी येणार म्हणून त्याने ओळखीच्या एका कुटुंबाकडे आमच्यासाठी नऊ दिवसांची खोली भाड्याने घेतली. रोज टॅक्सी, रोज बाहेरचे जेवण. मी खिशात हात घातला की म्हणे, "मामू, इथे तुम्ही पाकीट काढायचे नाही." मीही काढले नाही. परत आल्यावर चारचौघांत छातीठोकपणे सांगत होतो की, आमची दुबई फक्त तिकिटाच्या पैशांत झाली.

जूनमध्ये पाऊस लागला आणि एक दिवस बहिणीच्या घरी जाणे झाले. ओटीवर दोन पातेली आणि एक बादली मांडलेली, वरून टपटप सुरू. पावसाळ्यापूर्वी छप्पर बदलायचे ठरले होते हे मला ठाऊक होते. विचारले, तर बहीण सांगायला तयार होईना. फार खोदून विचारल्यावर म्हणाली, "भाईजान, एप्रिल-मे दोन महिने त्याला पैसे पाठवणे जमले नाही. थोडे कर्ज झाले होते." आणखी काही बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती. आमची सहल तिच्या छपराच्या पैशांत झाली होती.

त्यानंतर ठरवले, पुन्हा जाईन तो स्वतःच्या हिशेबाने. मध्ये २०२१ च्या जुलैतील महापुराने महाडच्या बाजारपेठेतील आम्हा सर्वांची गाठोडी चिखलात घातली, त्यातून उभे राहण्यात दोन वर्षे गेली. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्यांदा गेलो. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चलनाची. आपले वडीलधारे सांगतात की, आखातात पूर्वी आपलाच रुपया चालत असे. ते खरे आहे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्या मुलखांनी रुपया सोडला. अमिरातीचा दिरहम १९७३ साली आला. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा भाव बांधलेला आहे. याचा अर्थ असा की, डॉलरपुढे रुपया जेवढा घसरतो तेवढाच तो दिरहमपुढेही घसरतो. २०११ साली दिरहम बारा ते चौदा रुपयांना होता, २०२५ साली तो तेवीस-चोवीसच्या घरात गेला. तेव्हा दहा-पंधरा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाचा अंदाज घेऊन निघू नका. तिकडचे भाव एका पैशाने वाढले नसते, तरी आपल्याला खर्च जवळजवळ दुप्पट पडला असता.

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळ्यात घळ आणि धबधबा पाहायला मुंबई-पुण्याची माणसे शिवथरला येतात, तेव्हा शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. तेच बुधवारी आलेला माणूस निवांत पाहून जातो. दुबईचेही तसेच आहे. नोव्हेंबर ते मार्च तिकडची हवा सुखाची, त्यामुळे सारे जग तेव्हाच तिथे जाते आणि हॉटेलांचे दर चढतात. आम्ही पितृपक्षाचा पंधरवडा निवडला. त्या दिवसांत आपल्याकडे कापडाची गिऱ्हाइकी बसलेली असते, त्यामुळे दुकानावर फार फरक पडत नाही. आणि तिकडे हंगाम उघडायचा असतो. दुपारी उकडते हे खरे, पण कोकणातल्या माणसाला घामाचे काय एवढे! व्यापाऱ्याने बंद दुकानाचे दिवसही सहलीच्या खर्चात धरले पाहिजेत, हे अनेक जण विसरतात.

तिसरी गोष्ट राहण्या-फिरण्याची. समुद्रकाठची हॉटेले सोडून देरा किंवा बर दुबई या जुन्या भागात मेट्रोच्या जवळ खोली घ्यावी. जाहिरातीतला दर म्हणजे बिल नव्हे, हे लक्षात ठेवावे. त्यावर सेवा आकार, पालिकेचा आकार, २०१८ पासून लागू झालेला पाच टक्के व्हॅट आणि शिवाय दर खोलीला दर रात्रीचा 'टुरिझम दिरहम' असतो. तो हॉटेलच्या दर्जाप्रमाणे ७ ते २० दिरहम आहे. 'सर्व धरून किती?' हा प्रश्न खोली ठरवण्याआधी विचारावा. आपण कापडाचा भाव ठरवताना हमाली-भाडे कोणावर ते विचारत नाही काय?

दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा साध्या नोल कार्डावर जवळच्या प्रवासाला ३ दिरहम, लांबच्याला साडेसात आणि दिवसभराच्या पासला २० दिरहम पडत. विमानतळावरून टॅक्सीत बसताच मीटर २५ दिरहमवर सुरू होत असे. मेट्रो मात्र रात्रभर चालत नाही. म्हणून मध्यरात्री उतरणारे स्वस्त विमान घेतले, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. मेट्रोत काही खाऊ-पिऊ नये, त्याला दंड आहे. खाडी ओलांडायला लाकडी अब्रा आहे, तिला माणशी एक दिरहम लागला. दुबईत माझ्या पत्नीला सर्वांत जास्त आवडले ते हेच. बुर्ज खलिफाच्या माथ्यावर जायला सूर्यास्ताच्या वेळी तिकीट अधिक असते. खालून मान वर करून पाहायला काही लागत नाही.

करामा आणि बर दुबईत आपल्या चवीचे जेवण माफक दरात मिळते. कॅफेटेरियातील 'करक' चहा आम्हाला एक-दोन दिरहमला मिळाला. प्रत्येक कपाला चोवीसने गुणत बसू नये. त्याने पैसा वाचत नाही आणि सहलीची गोडीही जाते. आम्ही निघण्यापूर्वीच दिवसागणिक पाकिटे केली होती, म्हणजे आजच्या पाकिटातील संपले की आजचा खर्च बंद. कार्ड वापरलेच तर यंत्र विचारते, पैसे रुपयांत घेऊ की दिरहमात? रुपये ओळखीचे म्हणून आपण रुपये म्हणतो आणि तिथे फसतो, कारण त्यात भाव त्यांचा लागतो. नेहमी दिरहम सांगावे.

चौथी गोष्ट खरेदीची. आमच्या लोकांच्या सहलीत कित्येकदा हॉटेलपेक्षा बॅग महाग पडते. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, त्यामुळे पाट्यांवरचे भाव वाचता येतील असे वाटले होते. वाचता आलेही, फक्त चार, पाच आणि सहा या आकड्यांची अरबी वळणे निराळी असल्याने पहिल्या दिवशी दोनदा फसलो. बर दुबईच्या कापड बाजारात एका दुकानदाराने 'खास माल' म्हणून ठाण उलगडले. हात लावताच ओळखले की माल सुरतेचा आहे. आपल्या सुरतेचे कापड दिरहम मोजून महाडला आणण्याइतका मी भोळा नाही, पण असे किती भगिनी-बंधू आणत असतील! सोन्याबाबतही गैरसमज आहे. दागिन्यांवरील कस्टमची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या पाहुण्याला ती लागू नाही. म्हणून भेटवस्तूंची यादी घरी बसून करावी आणि विमानात बसल्यावर तिच्यात एकही नाव वाढवू नये.

आता मूळ मुद्दा. आमचे गिऱ्हाईक म्हणाले, "शेठ, हॉटेलात उतरलो तर पुतण्या रागावेल. लोक काय म्हणतील?" ही अडचण खरी आहे. आपल्याकडे मेहमानाला बाहेर राहू देणे कमीपणाचे मानतात. पण ज्याचे स्वतःचे घर म्हणजे एक बिछाना आहे, त्याने मेहमाननवाजी करायची कशी? २०२५ च्या जूनमध्ये दुबई नगरपालिकेने गर्दीच्या आणि बेकायदा फळ्या टाकून पाडलेल्या खोल्यांविरुद्ध मोहीम उघडली. अशा ठिकाणी आणखी दोन माणसे नेऊन ठेवणे म्हणजे त्या पोराचे छप्पर धोक्यात घालणे आहे. ज्यांचे नातेवाईक तिथे कुटुंबासह प्रशस्त घरात राहतात त्यांची गोष्ट वेगळी. तरी तिथेही दोन दिवसांनंतर आपण बाजारहाट करावा हे बरे.

२०२३ साली आम्ही भाच्याच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेल घेतले. त्याला आधीच फोनवर सांगितले, "तुझ्या सुट्टीचा एक दिवस आम्हाला दे, बाकी काही नको." त्या दिवशी जेवण आमच्याकडून होते. तो रागावला, मग निवळला. जाताना बहिणीने दिलेले पापड, लोणचे, तांदळाचे पीठ नेले. मसाल्यातून खसखस मात्र काढून टाकली, कारण तिकडच्या कायद्याने खसखस बंद आहे. आणि परतीच्या वजनातले दहा किलो त्याच्यासाठी मोकळे ठेवले. त्याने घरासाठी घेतलेले सामान माझ्यासमोर उघडून, एकेक वस्तू दाखवून बॅगेत भरले. त्याचा कार्गोचा खर्च वाचला आणि बहिणीला वस्तू हातात मिळाल्या.

ही सहल पहिलीपेक्षा मला कितीतरी महाग पडली. तरी घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा वहीत कोणाचे येणे-देणे राहिले नव्हते.

आमच्या गिऱ्हाइकाला मी इतकेच सांगितले, आठ दिवस परवडत नसतील तर पाचच दिवस जा. पण जाण्यापूर्वी कागदावर एक रकाना पुतण्याच्या नावाचा काढा आणि त्यात शून्य येईल असे बघा. त्याचा पगार तुमच्या सहलीसाठी नाही, त्याच्या आईच्या घरासाठी आहे.